श्रीमंतीच्या वर्गात देवी आणि मी

श्रीमंत कसं व्हावं हे शिकवणारे पुष्कळ असतात. आमच्या भोरला स्टँडच्या भिंतीवरसुद्धा दोघातिघांचे फोन नंबर लिहिलेले आहेत. पण श्रीमंत झाल्यावर पुढं काय करावं हेही शिकवतात, त्याचा रीतसर वर्ग भरतो, तिथं चहाबरोबर पाच प्रकारची बिस्किटं असतात आणि त्याची फी ऐकून माणूस परत गरीब होऊ शकतो, हे मला अलीकडंच कळलं. मी त्या वर्गाला जाऊन आले. माझी पात्रता विचाराल तर आमच्या घराची गच्ची गळते, आणि जिथं गळते तिथं आम्ही कपाट ठेवत नाही. संपत्तीचं व्यवस्थापन म्हणून आमच्या घरात काही झालं असेल तर एवढंच.

श्रीमंत झाला तो माझा धाकटा भाऊ, हनुमंत. सारोळ्याच्या अलीकडं आमचं माहेर. तिथं हनुमंतानं स्वतः विकत घेतलेला एक माळाचा तुकडा होता. त्यात कुसळाशिवाय काही उगवत नसे आणि त्यावरून आमच्या वडिलांनी त्याला मरेपर्यंत टोमणे मारले. पुढं हायवे रुंद झाला, आजूबाजूला गोदामं आली, आणि एका कंपनीनं तो कुसळाचा माळ हनुमंतानं तोंडातून काढली त्या किमतीला घेतला. घासाघीससुद्धा केली नाही. त्याचं हनुमंताला अजून वाईट वाटतं. वडील हे बघायला राहिले नाहीत त्याचंही वाटतं, कारण टोमणे परत करायचे राहून गेले.

पैसा आला तसे सल्ला देणारे आले. एकानं पुण्यात फ्लॅट घ्यायला सांगितलं, एकानं मंगल कार्यालय बांधायला, आणि एका साडूनं परदेशी शेळ्या पाळायला. हनुमंत प्रत्येकाला चहा पाजायचा, 'बघतो' म्हणायचा आणि शेळ्यांचे फोटो बघत बसायचा. शेवटी त्याच्या मुलानं, सार्थकनं, मोबाईलवर हा वर्ग शोधून काढला. पुण्याची कुठलीशी व्यवस्थापन शिकवणारी संस्था वेल्ह्याकडं धरणाच्या पाण्याकाठी एका रिसॉर्टवर तीन दिवस 'संपन्न कुटुंबांसाठी संपत्ती व्यवस्थापनाचा कार्यकारी शिक्षणक्रम' घेणार होती. नाव एवढं लांब होतं की हनुमंताला ते ऐकूनच धीर आला.

त्यानं मला फोन केला. "अक्का, तू यायाचंस. समदं इंग्रजीत हाय."

मी म्हटलं, तुझा सार्थक आहे की इंग्रजी शिकलेला.

"त्याच्यावं इश्वास न्हाई मला. गाडी घेताना शोरूमचा मानूस इंग्रजीत बोलला, आन ह्यानं मला सांगितलं, वरनं काच उघडती ते मॉडेल सरकारनं सक्तीचं केलंय."

माझं इंग्रजी दहावीनंतर घरी बसून शिकलेलं आहे. यजमान पाटबंधारे खात्यात कारकून होते. त्यांनी आणलेली जुनी परिपत्रकं, पहिली आणि शेवटची पानं गळालेला एक शब्दकोश आणि औषधांच्या खोक्यातल्या घडीच्या चिठ्ठ्या, एवढी माझी शाळा. त्यामुळं आमच्या आळीत कुणालाही डॉक्टरांनी नवी गोळी दिली की चिठ्ठी आधी माझ्याकडं येते. इंग्रजी तसं चांगलं आहे, फक्त त्यात दुष्परिणामांचे शब्द जरा जास्त आहेत.

मी कुठं चालले हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त पद्मजाताईंना सांगितलं. पद्मजाताई आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, बँकेतून निवृत्त झाल्यात आणि पैशाच्या बाबतीत आळीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी मला बसवून सांगितलं की श्रीमंतांत वावरायचं तर भूक दाखवायची नाही. ताटात एका वेळी एकच पदार्थ घ्यायचा आणि तोही अर्धा टाकायचा. मी म्हटलं, टाकायला माझा हात होत नाही. त्या म्हणाल्या, मग निदान टाकल्यासारखं करा. शिवाय त्यांनी स्वतःची एक रेशमी साडी नेसायला दिली, आणि पुढं तीन दिवस सकाळ-संध्याकाळ फोन करून साडीची तब्येत विचारली.

संध्याकाळपर्यंत बातमी समोरच्या सगुणाबाईंकडं पोचली, आणि सगुणाबाईंनी साधा हिशोब केला: श्रीमंतांच्या वर्गाला जाते म्हणजे श्रीमंत असणार, इतकी वर्षं दाखवलं नाही एवढंच. रात्रीच्या जेवणाआधी इमारतीचे सेक्रेटरी दाराशी हजर. गच्चीच्या दुरुस्तीचा खर्च सगळ्यांनी मिळून करायचा असं इतकी वर्षं चाललं होतं, पण आमच्यासारख्या संपन्न कुटुंबानं मनावर घेतलं तर बैठकांचा त्रास वाचेल, असं त्यांनी सुचवलं. आमचे यजमान, कुमारराव, बनियनवर दार उघडायला गेले होते. संपन्न कुटुंब हा शब्द ऐकून ते आत गेले आणि शर्ट घालून आले. मला त्यांचा इतका राग आला, आणि इतकी मायाही.

आता खरी चूक कुठं झाली ते सांगते, आणि ती माझ्याकडूनच सुरू झाली. संस्थेचा निरोप आला होता की कुटुंबातले निर्णय जे कुणी घेतात ते सर्वजण हजर पाहिजेत, नाहीतर वर्गाचा उपयोग नाही. मी तो फोनवर हनुमंताला शब्दाला शब्द लावून वाचून दाखवला. हनुमंत गंभीर झाला. "समदेच?" म्हणाला. मी म्हटलं, असं लिहिलंय खरं.

रिसॉर्टच्या दारात हनुमंताची वरनं उघडणारी गाडी थांबली. पुढून हनुमंत उतरला, मग त्याची बायको सुलक्षणा, मग सार्थक. मागून आमची आई उतरली, ठकुबाई, नवी नऊवारी आणि मांडीवर धरून आणलेली टोपली. टोपलीवर लाल खण. खणाखाली आमची घरची देवी, जानुबाई.

आमच्या माहेरी मोठा निर्णय माणसं घेत नाहीत. देवीच्या पितळी मुखवट्याच्या दोन्ही गालांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. माझं लग्न असंच ठरलं. हनुमंताचा माळ असाच घेतला, आणि वडिलांना तो पसंत नसूनही ते देवीपुढं गप्प बसले. तेव्हा निर्णय घेणारे सर्व म्हटल्यावर देवीला घरी ठेवून येणं हनुमंताला पटलं नाही, आणि संस्थेच्या निरोपाप्रमाणं बघितलं तर त्याचं काही चुकलं नव्हतं.

दारात सई मॅडम बसल्या होत्या, नावाचे बिल्ले वाटायला. मुलगी गोड होती. तिनं टोपलीत डोकावून बघितलं, हात जोडले आणि विचारलं, यांचं पद काय लिहू. हनुमंतानं थोडा विचार करून 'अध्यक्ष' सांगितलं. तिनं छापून दिलं. मग माझी पाळी आली. फी भरली होती पाच माणसांच्या कुटुंबाची. हनुमंत, सुलक्षणा, सार्थक, आई आणि जानुबाई, झाले पाच. मी म्हटलं, मी बहीण आहे यांची, सख्खी. सई मॅडम फार अदबीनं म्हणाल्या की देवींना मोजलं नाही तर तुम्हाला बसवता येईल. आईनं टोपली छातीशी धरली. मी म्हटलं, असू दे. मग मला मिळाला तो बिल्ला असा: 'बाह्य साहाय्य'. रंगही वेगळा, पिवळा. तसाच पिवळा बिल्ला तिथं माइक लावणाऱ्या माणसाच्या गळ्यात होता, आणि तीन दिवस तो मला ओळखीचं हसत राहिला.

देवीला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. मला मागं एक स्टूल.

शिकवणारे होते अद्वय सर. वयानं सार्थकहून फार मोठे नसावेत, बुटांत मोजे नव्हते, पण बोलणं असं गोड की ऐकताना आपल्याला काहीतरी रोग आहे आणि तो बराही होणार आहे असं वाटावं. बाकीची कुटुंबं पुण्यात राहणारी, पण मूळची बाहेरची; सरांसारखंच त्यांनाही मराठी येत नव्हतं. एकाची गाड्यांची दुकानं, एकाचं हॉस्पिटल, आणि एक गृहस्थ काय करतात हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. ते सगळ्यांत श्रीमंत होते.

पहिला धडा होता, संपत्ती गळते कुठून. मला वाटलं, या विषयात तरी माझा काही अनुभव उपयोगी पडेल. सरांनी सांगितलं, प्रत्येकानं आपल्या कुटुंबाचं झाड काढा. पुण्याच्या मंडळींनी वडासारखी झाडं काढली. हनुमंतानं वडील काढले, त्यांच्याखाली स्वतःला काढलं, स्वतःच्या खाली सार्थकला काढलं. झाड कसलं, विजेचा खांब.

सर त्याच्यापाशी येऊन थांबले आणि म्हणाले, भावंडं नाहीत का तुम्हाला. मी ते मराठीत सांगितलं. हनुमंतानं मागं वळून माझ्याकडं बोट केलं. "ही हाय की."

सरांनी माझ्या पिवळ्या बिल्ल्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग परत बिल्ल्याकडं. मग ते विचारत गेले, मी सांगत गेले, हनुमंत उत्तरं देत गेला. माळ हनुमंताच्या एकट्याच्या नावावर होता, तो गेला. राहिली वडिलांची रस्त्याकडेची जमीन, माळापेक्षा पुष्कळ मोठी, आणि आता तीही मागायला लोक येतायत. तिच्या सातबाऱ्यावर वडिलांच्या मागं वारस म्हणून आईचं नाव आहे, हनुमंताचं आहे आणि माझं आहे. डॉक्टरला पोट दाबता दाबता खडा सापडावा तसे सर खूश झाले. फळ्याकडं गेले, आमच्या खांबाला त्यांनी बाजूनं एक फांदी काढली, तिच्या टोकाला थेंब काढला आणि सगळ्या वर्गाला समजावून सांगितलं. मग माझ्याकडं बघून थांबले, कारण मी भाषांतर करायचं होतं.

आता कुणी म्हणेल, बदलून सांगायचं. मलाही सुचलं ते, नाही असं नाही. पण औषधाच्या चिठ्ठ्या वाचून वाचून एक सवय लागलेली असते. एकदा बदलून सांगितलं तर माणूस मरतो. मी सांगितलं, "सर म्हणतायत, लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं जमिनीवर राहिली की संपत्ती तिथून गळते. त्यांच्या सह्या आधी घेऊन टाकाव्या. आणि प्रेम आहे तोवरच घ्याव्या, नंतर अवघड जातं."

हनुमंतानं माझ्याकडं बघितलं नाही. सुलक्षणानं वहीत काहीतरी लिहिलं. दुपारी जेवायला उभे होतो तर हनुमंतानं माझ्या हातातली ताटली घेतली आणि स्वतः भरून आणली. त्यात दोन गुलाबजाम जास्तीचे. त्यानं आयुष्यात कधी मला वाढलेलं नाही. तेव्हाच मला सगळं कळलं. पद्मजाताईंचा सल्ला आठवून मी गुलाबजाम टाकून बघितले, आणि पहिल्यांदाच टाकायला हात झाला.

खोटं कशाला बोलू, त्या दुपारी मी त्या जमिनीचा विचार केला. याआधी केला नव्हता. माझं नाव तिथं आहे हे मला माहीत होतं, पण तसं तर माझं नाव शाळेच्या पटावरही असेल. आता पहिल्यांदा वाटलं, ते नाव म्हणजे गच्चीवर नवा गिलावा आहे, कुमाररावांचं राहिलेलं डोळ्याचं ऑपरेशन आहे, आणि एखाद्या वेळी हनुमंताच्या अंगणात जाऊन आपल्या हातानं खुर्ची ओढून बसणं आहे. भाऊबीजेला बहीण खुर्ची दिली की बसते.

दुसऱ्या दिवशीचा धडा होता, घरात निर्णय कसे घेता. पुण्याची मंडळी म्हणाली, वकील, सल्लागार मंडळ, सकाळच्या नाश्त्याला चर्चा. आमची पाळी आली तेव्हा आईनं उठून खण बाजूला केला आणि सगळं समजावून सांगितलं. पाकळी कुठली, पाणी किती, पाण्यात गूळ कालवायचा नाही कारण ती लबाडी होते. मी भाषांतर केलं. अद्वय सर ऐकता ऐकता खुर्चीच्या टोकाला आले. त्यांचं म्हणणं असं पडलं की पिढ्यानपिढ्या भांडणात न पडणारा, कुणाचाही नातेवाईक नसलेला असा तटस्थ पंच ठेवायला मोठमोठी घराणी फी मोजतात, आणि तो यांच्या घरात टोपलीत आहे. प्रात्यक्षिक बघायला मिळेल का, असं त्यांनी फार नम्रपणे विचारलं.

हनुमंत म्हणाला, "मंग कालचंच इचारू की. आपुन कशाला वाईट व्हायाचं?"

टेबलावर मुखवटा मांडला. रिसॉर्टच्या बागेतून झेंडूच्या पाकळ्या आल्या. आईनं त्या ओल्या करून लावल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि म्हणाली, "आई जानुबाई, लेकीला तिचा वाटा द्यायाचा आसंल तर उजवी दे. तिनं सोडायाचा आसंल तर डावी दे."

सर मला कुजबुजत विचारत होते, याला साधारण किती वेळ लागतो, तेवढ्यात उजवी पडली.

पुण्याच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, प्रयोग संपला. मी स्टुलावरच होते आणि मला पाय जमिनीला लागल्यासारखे वाटत नव्हते. हनुमंत वर बघत होता. "एसीचं वारं उजवीकडनं येतंय," तो म्हणाला.

हरकत रास्त आहे असं सरांचं मत पडलं. एसी बंद केला. पाकळ्या परत लावल्या, आईनं परत विचारलं, आणि थोड्या वेळानं परत उजवीच पडली. आता टाळ्या जरा कमी पडल्या. सुलक्षणा म्हणाली, हॉस्पिटलवाले साहेब त्याच वेळेला शिंकले. ते साहेब बिचारे ओशाळून दारापर्यंत मागं सरकले. मग खिडक्या लावल्या, पंखे बंद केले, पडदे ओढले. एवढे सगळे श्रीमंत एका बंद खोलीत माझ्या वाट्यासाठी घाम गाळत बसलेले होते. असा मान मला पुन्हा मिळणार नाही. तिसऱ्यांदा पाकळ्या लावल्या. या वेळेला काहीच पडेना. वारा नाही, हालचाल नाही, देवी तरी काय करील. सरांनी घड्याळ बघितलं, चहाची वेळ झाल्याचं जाहीर केलं, आणि एकेक जण रुमालानं मान पुसत बाहेर गेला. हनुमंतही गेला. जाताना आईला म्हणाला, तू बस हितं, पडली का सांग.

आत आई, मी आणि देवी. आई मुखवट्याकडं बघत होती. घामानं तिचं कुंकू नाकापर्यंत उतरलं होतं. मी पदरानं पुसलं. तिनं पुसू दिलं.

मग ती म्हणाली, "मंगल, तुला तुजं घर हाय. मला त्याच्याच दारात ऱ्हायाचंय. सुलक्षणा भाकरी वाढती तवा तिचा हात कसा पडतो, ते मलाच म्हाईत."

मी कुंकू लागलेला पदर परत खोचला.

"देवीनं दोनदा दिलं तुला. ते म्या बघितलं. कुनी न्हाई म्हनलं तरी ते दिलेलंच हाय."

एवढं बोलून तिनं हात पुढं केला, देवीच्या डाव्या गालावरची पाकळी दोन बोटांनी उचलली आणि टेबलावर ठेवली. देवीला लागू नये अशा बेतानं, हळू. "जा, सांग त्यांना. डावी दिली म्हून."

मी बाहेर गेले. सगळे बिस्किटं खात उभे होते. मी आधी मराठीत सांगितलं आणि मग इंग्रजीत.

तिसऱ्या दिवशी वर्गाला दांडी मारून आम्ही भोरला नोंदणीच्या कचेरीत गेलो. वेल्ह्याहून नसरापूर, नसरापूरहून भोर, रस्ता सगळा ओळखीचा. वकिलांनी हक्कसोडपत्र तयारच ठेवलं होतं. त्यात लिहिलं होतं की मी हे स्वखुशीनं, भावावरच्या प्रेमापोटी आणि कसलाही मोबदला न घेता करत आहे. मराठी चांगलं होतं. मी वाचून परत दिलं.

अडचण दुसरीच निघाली. सातबाऱ्यावर माझं नाव माहेरचं, आधारकार्डावर सासरचं. या दोन्ही बाया एकच आहेत याला पुरावा काय, असं समोरच्या साहेबांनी विचारलं. प्रश्न वाजवी होता; मलाही तो कधी कधी पडतो. शाळेचा दाखला मागितला, तो निघाला पण त्यावर वडिलांच्या नावात एक वेलांटी जास्त. मग प्रतिज्ञापत्र करायचं ठरलं, त्याला मला जन्मापासून ओळखणारं माणूस पाहिजे म्हणाले. आईला पुढं केलं. साहेबांनी विचारलं, आजी, ही तुमचीच मुलगी का. आई म्हणाली, माझीच. त्यांनी ते लिहून घेतलं आणि आईचा अंगठा घेतला. मी या घरची आहे हे सरकारदरबारी असं पक्कं झालं, आणि त्यावरची शाई वाळायच्या आत पुढचा कागद माझ्यापुढं सरकवला, की आता नाही.

तिथंही माझा अंगठा मशीनला कळेना. भांडी घासून घासून बोटांवरच्या रेघा गेल्यात म्हणे. शिपायानं सांगितलं, डोक्याच्या तेलाचं बोट लावा. मी केसांतून अंगठा फिरवून लावला. नाही. सुलक्षणानं पर्समधून कसलं तरी महागडं क्रीम काढून माझ्या अंगठ्याला चोळलं, अगदी मन लावून, तान्ह्या बाळाला चोळावं तसं. त्यावर मशीन हिरवं झालं. इतक्या वर्षांत नणंदेचा हात तिनं एवढा वेळ हातात कधी धरला नव्हता.

परतताना कापूरव्होळला गाडी थांबवून हनुमंतानं मला साडी घेतली, खण घेतला. पद्मजाताईंच्या साडीवर कॉफी सांडली होती, तेव्हा नवी साडी कुणाच्या कपाटात जाणार हे गाडीतच ठरलं होतं.

संध्याकाळी समारोप होता. प्रमाणपत्रं वाटली. देवीलाही मिळालं, आईनं ते टोपलीत खणाखाली ठेवलं. बाह्य साहाय्याला नसतं. मग प्रत्येक कुटुंबप्रमुखानं दोन शब्द बोलायचे होते. हनुमंत उठला आणि मला खुणेनं बोलावलं. माइकवाल्या माझ्या मित्रानं एक माइक त्याच्या हातात दिला आणि एक माझ्या.

हनुमंत चांगला बोलला. म्हणाला, आमी अडानी मानसं, तुमी आमाला मानसांत बसवलं. म्हणाला, लोकांच्या घरी जमिनीवरनं डोकी फुटत्यात, आमच्यात आवाजसुदिक झाला न्हाई. मग त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते खरं होतं, म्हणूनच मला सहन झालं नाही. "माज्या अक्कानं सोताहून, हसत, तिचा हक्क सोडला. अशी बहीन सात जल्म घावनार न्हाई."

मग सगळे माझ्याकडं बघू लागले.

मी माइक तोंडापाशी नेला. इंग्रजीत, सावकाश, चिठ्ठी वाचते तशी एक एक शब्द मोकळा करून मी सांगितलं. मी म्हटलं, माझा भाऊ सांगतोय की त्यानं माझा वाटा माझ्याकडून काढून घेतला. देवीनं दोनदा मला द्यायला सांगितलं, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. तिसऱ्यांदा देवीनं काही सांगितलं नाही, आमच्या आईनं सांगितलं, कारण तिला त्याच्या घरी जेवायचं आहे. त्याचं माझ्यावर प्रेम आहे, आणि सरांनी शिकवल्याप्रमाणं ते असतानाच त्यानं सही घेतली.

बोलून झाल्यावर मी माइक खाली केला. सार्थकनं मोबाईलवरून मान वर केली, माझ्याकडं बघितलं, आणि परत खाली घातली. मग अद्वय सर उठून उभे राहिले. म्हणाले, आपल्या कुटुंबाबद्दल इतक्या पारदर्शकपणे चारचौघांत बोलणारा कुटुंबप्रमुख त्यांनी अजून पाहिला नव्हता, आणि पुढच्या वर्गांना हे उदाहरण सांगायला परवानगी मिळाली तर ते ऋणी राहतील. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग गाड्यांच्या दुकानांनी वाजवल्या, हॉस्पिटलनं वाजवल्या, आणि काय करतात ते न कळलेले गृहस्थ तर उभे राहून वाजवू लागले.

हनुमंतानं माझ्या कानाशी वाकून विचारलं, "काय म्हनत्यात गं?"

"म्हणतायत, परवानगी पाहिजे. तुझं उदाहरण बाकीच्यांना सांगायचंय."

तो हरखला. डोळे पुसून त्यानं सगळ्यांना हात जोडले, आणि मग स्वतःही टाळ्या वाजवायला लागला. सुलक्षणाही वाजवत होती. सगळी खोली वाजत होती.

आईला इंग्रजीचा एक शब्द कळत नाही. पहिल्या रांगेत, देवीच्या शेजारी, ती तेवढी हात मांडीवर ठेवून बसली होती.